भुरीची पिल्लं भुरीकडेच ठेवायची का? मुळशीतल्या एका घरातलं प्रकरण

कोंबडीनं पिल्लं काढली की ती तिच्याकडेच राहू द्यायची की उचलून ब्रूडरमध्ये, म्हणजे बल्बची ऊब दिलेल्या बंदिस्त जागेत टाकायची, हा प्रश्न मला वर्षातून चारपाच जण तरी विचारतात, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा हो किंवा नाही एवढंच उत्तर हवं असतं. ते देता येत नाही. कोंबडी कुठली, महिना कुठला, जागा कशी आणि दिवसभर घरी कोण असतं हे कळल्याशिवाय दिलेलं उत्तर म्हणजे नुसता अंदाज. म्हणून यावेळी एकच घर, एकच कोंबडी घेऊन सगळं सविस्तर लिहितोय. माझ्या आत्याचं घर, पौडच्या पुढे, मुळशी तालुका. मी कोथरूडला राहतो, चांदणी चौक ओलांडला की तासाभरात पोचतो, आणि कोंबड्या बरीच वर्षं पाळतोय म्हणून असल्या वादात निकाल द्यायला मलाच फोन येतो.

वाद आत्या आणि तिची सून, म्हणजे माझी वहिनी, यांच्यात. जुलैचा पहिला आठवडा, पाऊस लागलेला, भुरी नावाची गावरान कोंबडी बारा अंड्यांवर बसलेली. आठव्या दिवशी रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडी बघून दोन रिकामी निघाली ती काढली, उरली दहा. आणि त्याच दरम्यान वहिनींनी गावात आलेल्या टेम्पोवाल्याकडून कावेरी जातीची पन्नास एक दिवसाची पिल्लं घेतली होती, ती मागच्या खोलीत चिकगार्ड (पिल्लांभोवतीचं गोल कुंपण) लावून शंभर वॅटच्या बल्बखाली होती. म्हणजे भुरीची अंडी फुटायला लागली तेव्हा घरात ब्रूडर आधीच चालू होता, आणि भांडणाचं मूळ तेच.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्हीच सांगा आईंना. मागच्या वेळी अकरातली चार राहिली. बल्ब जळतोच आहे, पन्नासात अजून नऊदहा गेली तर काय जड आहे? आणि भुरी मोकळी झाली की लवकर अंड्यावर येईल, परत अंडी द्यायला लागेल."

आत्याचं म्हणणं, "लाइटीचा काय भरवसा बाबा? दोन दिवस नसती आमच्याकडं. आन् कोंबडी जिवंत असताना तिची लेकरं बल्बाखाली कशाला?"

दोघींचंही बरोबर होतं, म्हणूनच प्रकरण अवघड.

वहिनींचा अंड्यांचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात, तसा तो नाहीये. गावरान कोंबडी वर्षाला साधारण पन्नाससाठ अंडी देते, तीही बाराबारा पंधरापंधराच्या टप्प्यात, मग खुडूक होते, म्हणजे अंडी बंद करून उबवायला बसते. अंड्यावर बसली की एकवीस दिवस अंडी बंद, आणि पिल्लं सोबत राहिली तर पुढचे दीडदोन महिने बंदच. पिल्लं लगेच काढून घेतली तर बऱ्याच कोंबड्या दोनतीन आठवड्यांत परत अंडी द्यायला लागतात. म्हणजे एकेका खेपेला अख्खा एक टप्पा हातचा जातो, आणि ज्या घरात अंड्याच्या पैशातून रोजचं दूध साखर येतं तिथे हा हिशोब बायकाच करतात आणि तो बरोबर करतात. (खुडूकपणा मोडायला कोंबडी पाण्यात बुचकळणं, नाकात पीस घालणं असले जे प्रकार चालतात ते मात्र बंद करा राव. खाली हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात चारपाच दिवस ठेवली, दाणापाणी दिलं, की पोटाखालची ऊब उतरते आणि खुडूकपणा जातो. नाकात पीस घालून काय होतं तर नाकात पीस जातं.)

मी पोचलो तेव्हा आठ पिल्लं बाहेर आलेली, एक अंडं टोचलेलं, म्हणजे पिल्लानं आतून कवच फोडायला घेतलेलं, आणि एक गप्प. मी पहिलं सांगितलं की आज कुणीच काही करायचं नाही. पिल्लू बाहेर यायच्या आधी अंड्यातला उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्यावर ते दोनेक दिवस दाण्यापाण्याशिवाय आरामात राहतं, हॅचरीतली पिल्लं टेम्पोत एवढा प्रवास करतात ते त्याच्याच जोरावर. म्हणजे निर्णय घ्यायला वेळ असतो, लोक उगाच घाई करून ओली पिल्लं उचलतात आणि मग ती गारठतात.

हा वेळ कोंबडी बघायला वापरायचा, आणि भुरीला बघितलं तर ती एकदम पक्की होती. पिल्लू बाजूला गेलं की हळू आवाजात क्लक क्लक करून बोलवायची, पंख जरा उचलून आत घ्यायची, समोर कणी टाकली तर स्वतः न खाता टकटक करून पिल्लांपुढे टाकायची. मी हात घातला तर असं फोडलं मनगट की सांगायची सोय नाही. हे सगळं चांगलं लक्षण. वाईट लक्षणं म्हणजे पिल्लाच्या डोक्यावर टोचणं, अर्धी अंडी टाकून उठून जाणं, पिल्लं ओरडत असताना लांब उभं राहणं, पहिल्यांदाच बसलेल्या तलंगीत, म्हणजे तरुण कोंबडीत, हे कधीकधी दिसतं. पंखाखाली आणि मागच्या बाजूला पिसं बाजूला करून पिसवा बघितल्या, कारण एकवीस दिवस एका जागी बसलेल्या कोंबडीत त्या माजतात आणि तिथून थेट पिल्लांवर चढतात. थोड्या होत्या. वजन मात्र चांगलंच उतरलेलं, छातीचं हाड हाताला लागत होतं, कारण बसलेली कोंबडी दिवसातून एकदा पंधरावीस मिनिटं उठते, तेवढ्यातच खाणंपिणं हगणं सगळं.

आता अकरातली चार. हा आकडा वहिनी प्रत्येक वाक्यात घेत होत्या म्हणून मी दोघींना बसवून विचारलं, सात गेली ती कशी कशी गेली, एकेक सांगा. कोंबडीवाल्यांना हे विचारलं की लोक "मेली हो अशीच" म्हणतात, पण जरा खोदलं की आठवतं. गेल्या वर्षी गणपतीच्या सुमाराची ती खेप. तिसऱ्याच दिवशी भुरीला पिल्लांसकट मोकळं सोडलं होतं, ती त्यांना घेऊन ओढ्याकडच्या उंच गवतात गेली, पावसाची सर आली, दोन पिल्लं भिजून काकडून गेली. एक म्हशीच्या पाण्याच्या घमेल्यात बुडालं. तीन उकिरड्यामागून मुंगसानं नेली, एकेक करून, तिन्ही दुपारी. आणि एक रात्रीत खुराड्यातून गायब, खाली घुशीचं बीळ सापडलं होतं.

या यादीत भुरीचा दोष कुठेच नाही. ऊब द्यायला ती कमी पडली नाही, कुणाला टोचलं नाही, सोडून गेली नाही. सातही गेली ती मोकळं सोडल्यामुळे आणि खुराड्याच्या तळामुळे. वहिनी जिला "आईकडे ठेवलं म्हणून मेली" म्हणत होत्या ती खरं तर "आईबरोबर हिंडायला सोडली म्हणून मेली" अशी केस होती, आणि आत्या ज्याला "पहिल्यापासून असंच करतो" म्हणत होती ते अर्धंच खरं होतं, कारण मी विचारलं की तुझ्या सासूच्या वेळी काय करायचे, तर ती म्हणाली, डालग्याखाली, बांबूच्या पालथ्या टोपलीखाली ठेवायचो की कोंबडीला, पिल्लं फटीतून आतबाहेर करायची, आन् म्हातारी दारात बसलेली असायची तांदूळ निवडत. म्हणजे पद्धत होती ती, आई अडकवलेली आणि कुणीतरी लक्ष ठेवून. डालगं माळ्यावर गेलं आणि दारात बसणारी म्हातारी गेली, आणि उरलं ते नुसतं मोकळं सोडणं.

यावेळी तर दारात बसायला कुणीच नव्हतं. जुलै म्हणजे भाताची लावणी, आंबेमोहोराची रोपं तयार, अख्खं घर सकाळी आठपासून चिखलात, घरी फक्त पोरं, तीही दुपारपर्यंत शाळेत. ही गोष्ट मला बल्ब की आई यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटली. कोंबडी मोकळी सोडायची असेल तर माणूस पाहिजे, माणूस नसेल तर जाळी पाहिजे, बास.

मग उरला वहिनींचा मुख्य प्रस्ताव, पन्नासात नऊ टाकायची. याला मी सरळ नाही म्हटलं, आणि कारणं अशी. कावेरी पिल्लं सहा दिवसांची झाली होती, पहिल्या आठवड्यात पिल्लं झपाट्यानं वाढतात, सहा दिवसांच्या घोळक्यात एक दिवसाचं पिल्लू टाकलं की ते खाद्याच्या भांड्यापर्यंत पोचत नाही आणि तुडवलं जातं. टेम्परेचरही जुळत नाही. पहिल्या आठवड्याला साधारण 35 डिग्री लागतं, नंतर दर आठवड्याला तीनेक डिग्री उतरवत जायचं, म्हणजे आठवडाभरात वहिनी बल्ब वर घेणार होत्या आणि तेव्हा या नऊंना तो खालीच हवा होता. आणि रोगाचं. एका बाजूला बाहेरून आलेली पिल्लं, दुसऱ्या बाजूला अंगणात वाढलेल्या कोंबडीखालची, कुणाबरोबर काय आलंय माहीत नाही, मोठी कोंबडी स्वतः ठणठणीत दिसत असताना बरंच काही अंगावर बाळगून असते. दोन्ही बॅच वेगळ्याच बऱ्या. रोज आधी ब्रूडरचं काम करायचं आणि मग भुरीकडे जायचं, उलटं नाही, आणि भांडी अदलाबदल नाही.

आत्यानं उलटा डाव टाकला, "मग त्यातलीच पाचसहा भुरीखाली सरकव की, तिला कुठं मोजता येतंय." हे होऊ शकतं, मी स्वतः केलंय, रात्री अंधारात एकेक पिल्लू पोटाखाली सरकवायचं, सकाळी तिला सगळी आपलीच वाटतात. पण ती पिल्लं एकदोन दिवसांचीच हवीत. सहा दिवस बल्बखाली काढलेल्या पिल्लाला क्लक क्लकचा अर्थच माहीत नसतो, ते आवाजाला येत नाही, घाबरून पळतं, आणि कोंबडी त्याला परकं समजून टोचते. शिवाय पावसाळ्यात एका कोंबडीच्या अंगाखाली दहाबाराच्या वर नको, कडेची उघडी पडतात. तेही नाही म्हटलं. आत्या जरा रुसली.

ठरलं ते असं, पिल्लं भुरीकडे, पण भुरी बंद. पडवीच्या कोपऱ्यात चार बाय तीन फुटांची लाकडी चौकट, तिला सगळीकडून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी, तळालासुद्धा, घुशीसाठी. जाळी मी पुण्यातल्या बोहरी आळीतून नेली, दादानं, म्हणजे वहिनींच्या नवऱ्यानं, चौकट ठोकली. एक इंची जाळी घेऊ नका, स्वस्त पडते पण दोन दिवसांचं पिल्लू त्यातून अलगद बाहेर येतं आणि मग आई आत, पिल्लू बाहेर, मांजर मधे. तळाच्या जाळीवर भाताचं तूस तीन बोटं जाड, गिरणीतून मिळतंच, आणि ओलं झालेलं तूस रोज काढायचं. मुळशीच्या पावसाळ्यात ही सगळ्यात कंटाळवाणी पण सगळ्यात गरजेची गोष्ट, कारण रक्ती हगवणीचे जंतू ओल आणि ऊब मिळाली की एकदोन दिवसांत तयार होतात, आणि तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं त्यात पटापट जातात. पाण्याला उथळ ताटली, त्यात खडे. पिंजऱ्यात एका घमेल्यात चुलीची कोरडी राख, भुरी त्यात लोळली की पिसवांचं निम्मं काम होतं, उरलेलं काम डॉक्टरांनी दिलेल्या पावडरीनं.

खाद्यावर परत चर्चा. वहिनींकडे अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर फीड होतं, त्या म्हणाल्या भुरीला ते देते आणि पिल्लांना स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य. एका पिंजऱ्यात हे जमत नाही, सगळी सगळ्यांचं खातात. लेअर फीडमध्ये कॅल्शियम साडेतीनचार टक्के असतं, पिल्लांना साधारण एक टक्का पुरतं, जास्तीचं त्यांच्या किडनीवर जातं. उलट भुरीनं स्टार्टर खाल्लं तर काहीच बिघडत नाही, ती अंडी देत नाहीये, तिला वजन भरून काढायचंय, प्रोटीन मिळालं तर बरंच. म्हणून सगळ्यांना स्टार्टर.

मधेच त्या टोचलेल्या अंड्याचं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी भुरी आठ पिल्लं घेऊन घरट्यातून उठली, हे सगळ्याच कोंबड्या करतात, चालतीफिरती झालेली पिल्लं बघून उरलेल्याची वाट बघत नाहीत. अंडं गार पडत चाललेलं, आतून चिवचिव ऐकू येत होती. वहिनींनी ते उचललं, पुठ्ठ्याच्या छोट्या खोक्यात बल्बजवळ ठेवलं, बाजूला ओला कपडा कारण कोरड्या हवेत आतलं पातळ पापुद्र्याचं कातडं सुकून पिल्लाला चिकटतं. दुपारी ते बाहेर आलं, संध्याकाळपर्यंत सुकलं, रात्री भुरीखाली सरकवलं, सकाळी पिल्लं नऊ झाली. ब्रूडर नसता तर ते नववं नव्हतंच. दहावं अंडं आतच मेलेलं निघालं.

लसीचं थोडक्यात सांगतो. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब, पिल्लं आईकडे आहेत म्हणून ती चुकवायची नाही. लोक का चुकवतात तर कुपी निदान शंभर डोसची येते, बर्फावर ठेवावी लागते आणि एकदा पाण्यात कालवली की तासदोन तासात संपवावी लागते, नऊ पिल्लांसाठी कोण फोडणार. वहिनींनी वाडीतल्या आणखी दोन घरांना सांगून एका संध्याकाळी सगळी पिल्लं एकत्र करून घेतली. अंधार पडल्यावर भुरीवर पोतं टाकून पिल्लं काढली, नाहीतर तिनं दादाचे डोळे फोडले असते.

पुढे काय झालं ते. पहिले तीन आठवडे भुरी आणि पिल्लं बंद. एक पिल्लू पहिल्यापासून पायात अधू होतं, ते दुसऱ्या आठवड्यात गेलं. लावणी उरकल्यावर दुपारी उघडीप असेल तेव्हा, आणि कुणी पडवीत असेल तरच, तासभर मोकळं सोडायला लागले. त्यात एक घारीनं नेलं, भुरी अंगावर धावून गेली पण उशीर झाला होता. बाकीची सात नारळी पौर्णिमा झाली तेव्हा चांगली पंख फुटून हिंडत होती, वाळवी उकरून खात होती, आणि कावळा ओरडला तरी आडोशाला पळत होती, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही, भुरी करायची तसं करायची.

आता ब्रूडरचं. एका रात्री लाइट गेली ती पहाटेपर्यंत आली नाही, पिल्लं ऊब शोधत कोपऱ्यात एकावर एक चढली आणि खालची चार घुसमटून मेली. वहिनींनी रात्रीत गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या म्हणून चारवर भागलं. नंतर रक्ती हगवणीनं तीन गेली, डॉक्टरांना विचारून पाण्यातून अँप्रोलियम हे औषध दिल्यावर थांबली. पन्नासातली त्रेचाळीस राहिली.

म्हणजे टक्केवारी काढली तर ब्रूडर जिंकला, 86 टक्के, आणि भुरीकडे 78. वहिनींनी हे मला लगेच फोन करून सांगितलं, आणि सांगायलाच पाहिजे होतं. माझं उत्तर एवढंच की नवात एक पिल्लू इकडेतिकडे झालं की अकरा टक्के हलतात, त्यामुळे या दोन आकड्यांची तुलना करण्यात फार अर्थ नाही. ज्या तुलनेला अर्थ आहे ती तीच कोंबडी, तेच घर, तोच पावसाळा, आणि अकरातली चार ते नवातली सात. फरक फक्त जाळीचा. आणि हो, त्या अंधाऱ्या रात्री भुरीच्या पडवीत कुणाला उठावं लागलं नाही, कोंबडीचं अंग 41 डिग्रीच्या आसपास असतं आणि त्याला वायर लागत नाही, हा आत्याचा मुद्दा तिनं मला तीनदा ऐकवला.

अंड्यांच्या बाबतीत वहिनी पूर्ण बरोबर निघाल्या. भुरी सप्टेंबर लागेपर्यंत अंड्यावर आली नाही. सहासात आठवडे झाल्यावर तिनं स्वतःच पिल्लांना टोचून लांब करायला सुरुवात केली, तेव्हा वहिनींनी पिल्लं वेगळी केली आणि तिला शिंपल्याचा चुरा सुरू केला. एक टप्पा बुडाला तो बुडालाच. त्याच्या बदल्यात सात गावरान पिल्लं, त्यातल्या चार तलंगा दिसतायत, हे महाग पडलं की स्वस्त ते घरानं ठरवायचं. माझ्या मते जुलैत, लाइटीची ही अवस्था असताना, स्वस्त पडलं.

आता त्यांची दुसरी कोंबडी, काळी, खुडूक आहे. वहिनींचा परत फोन, तिची पण पडवीत ठेवायची ना? मी नको म्हटलं. काळीनं मागच्या खेपेला दोन पिल्लांची डोकी फोडली होती आणि पंधराव्या दिवशी घरट्यातून उठून दुपारभर बाहेर होती, आत्यालाही हे मान्य आहे. तिला बसायचं असेल तर बसू दे, पण शेवटच्या तीन दिवसांत रोज दोनदा बघा, आणि पिल्लं सुकली की उचलून थेट बल्बखाली. नाहीतर सरळ पिंजऱ्यात टाकून खुडूकपणा मोडा आणि तिची अंडी भुरी पुढच्या वेळी बसेल तेव्हासाठी ताजी ताजी जमवत रहा, आठवड्यापेक्षा जुनं अंडं ठेवू नका. आत्या म्हणते भुरी दिवाळीनंतर बसेल. तेव्हा लावणी नसेल पण थंडी असेल, पडवीला पश्चिमेकडून गोणपाट लावायला सांगितलंय.